भात उलटतो, पेज सोसते, केस गळतात: स्लीव्हनंतरचा चौथा महिना

ताई, तुमच्या प्रश्नातल्या गोष्टी आधी एकत्र मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही कमीजास्त असेल तर तुम्हाला लगेच कळेल. एप्रिलमध्ये तुमची स्लीव्हची, म्हणजे जठर लहान करून वजन उतरवण्याची, शस्त्रक्रिया झाली. वजन १०८ वरून ८६ किलोवर आलं आणि गेले ३ आठवडे काटा तिथून हललेला नाही. भात, चपाती, पाव खाल्ला की छातीच्या मधोमध अडकतो आणि उलटतो. म्हणून सध्या पेज, नाचणीची आंबील, वरणाचं पाणी आणि चहा-बिस्किटं यांवर भागवताय, कारण ‘तेवढंच सोसतं’. विंचरताना केस मूठभर हातात येतात, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. घरात श्रावण पाळतात. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आलीय, सगळं कुटुंब मूळ घरी जमणार, आणि पंगतीत दोन घासांत हात आखडणारी सून म्हणून सगळे आपल्याकडेच बघतील या धास्तीने झोप लागत नाही. शेवटी विचारलंय, ‘माझं ऑपरेशन फसलं का?’

मी गोव्यात अशा शस्त्रक्रिया झालेल्यांच्या आहाराचं काम बरीच वर्षं करते. तुम्ही जे लिहिलंय त्यात ऑपरेशन फसल्याची खूण मला दिसत नाही. ४ महिन्यांत २२ किलो ही चांगली घट आहे. तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण त्यातल्या बहुतेक एकाच ठिकाणाहून निघतात असं माझं मत आहे. जे सहज उतरतं तेवढंच तुम्ही खाताय, आणि त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत.

तीन गोष्टी मात्र तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि उत्तर बरंचसं त्यांवर अवलंबून आहे. पहिली, पाणी आणि पातळ पदार्थ पोटात नीट टिकतात ना? पेज टिकते म्हणताय, म्हणून टिकतात असं धरून पुढचं लिहिते. तेही उलटत असेल तर हे वाचत बसू नका, आजच सर्जनना फोन करा. ऑपरेशननंतर जठराची जी नळी उरते ती कुठे जास्त अरुंद झाली असेल तर ते दुर्बिणीने तपासून कळतं आणि त्यावर उपाय आहेत. दुसरी, बीपीच्या किंवा शुगरच्या जुन्या गोळ्या त्याच डोसने चालू आहेत का? २२ किलो उतरल्यावर जुना डोस जास्त होऊ शकतो. उठताना अंधारी येते त्यामागे हे असू शकतं, पाणी कमी पडणंही असू शकतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण चार दिवस घरी बीपी मोजून ते आकडे डॉक्टरांना दाखवा. तिसरी गोष्ट रोजच्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांची, तिच्यावर पुढे लिहिते.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात आणि एक अरुंद नळी उरते. जठराचा वरचा फुगीर भाग पूर्वी सैल होऊन अन्नाला जागा करून द्यायचा, तो गेला. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार व्हायचं, म्हणून पहिले महिने भूकही फारशी लागत नाही. या नळीत घन अन्न थांबतं, दाब देतं आणि हळूहळू पुढे सरकतं. पातळ अन्न थांबतच नाही. पेजेची वाटी बघता बघता खाली जाते आणि तासाभरात पुन्हा काहीतरी हवंसं वाटतं. चहात बुडवलेल्या बिस्किटाचं तेच. त्रास होत नाही, म्हणून हेच आपल्याला मानवतं असा समज होतो आणि दिवसभर थोडंथोडं पातळ, पिठूळ पोटात जात राहतं.

तुमच्या दिवसाचा ढोबळ हिशोब मांडला. दोन वाट्या पेज, आंबील, तीन कप चहा, बिस्किटं, वरणाचं पाणी, थोडं दही. कशीबशी २० ते २५ ग्रॅम प्रथिनं होतात. या शस्त्रक्रियेनंतर दिवसाला निदान ६० ग्रॅम लागतात, पुष्कळांना ८० पर्यंत. कमी पडतं तेव्हा शरीर स्वतःचे स्नायू मोडून गरज भागवतं. थकवा येतो, पायांत जोर राहत नाही, केसांची गळती लांबते. स्नायू घटले की शरीराची ऊर्जेची गरजही उतरते, आणि मग काटा अडायला हेही एक कारण होतं.

यात हंगामाचाही मोठा भाग आहे, तो तुमच्या लक्षात आला नसेल. एप्रिलमध्ये ऑपरेशन, मग पातळ आहार, मग घोटलेलं, मग मऊ, असं करत नेहमीच्या जेवणाकडे वळायची वेळ जूनमध्ये आली असणार. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. बाजारात ताजी मासळी कमी, असेल ती महाग. बंदी उठते न उठते तोच श्रावण. आपल्याकडच्या घरांत सगळ्यात मऊ, चावायला सोपी प्रथिनं म्हणजे मासळी आणि अंडी. मुडदुशाचा किंवा बांगड्याचा काटे काढलेला १०० ग्रॅम तुकडा खाल्ला तर त्यातून २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. गरज होती नेमकी तेव्हा ती ताटातून गेली आणि तिच्या जागी काय घ्यायचं हे कोणी सांगितलं नाही. उन्हाळ्यात ऑपरेशन करून घेतलेल्या, श्रावण पाळणाऱ्या घरांतल्या बायकांत मला हे दर पावसाळ्यात दिसतं.

आता भाताकडे येते. मऊ पांढरा भात आपण चावतो असं वाटतं, पण खरं तर माशाचं हुमण नाहीतर वरण कालवून गिळतो. लहानपणापासूनची सवय आहे ती. गिळलेली शितं आत एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि नळीच्या सुरुवातीलाच बसतात. ताज्या पावाचा असाच लगदा होतो. त्यावर सोलकढीचा घोट घेतला की वाट मोकळी होत नाही, वरून आणखी भर पडते. तोंडाला पाणी सुटतं आणि फेसासकट सगळं बाहेर येतं.

उद्या दुपारी असं करून बघा. जेवणाआधी अर्धा तास पाणी थांबवा. लहान वाटी आणि बाळाला भरवायचा चमचा घ्या. पहिला घास पनीरचा किंवा घट्ट मुगागाठीचा (मोड आलेल्या मुगाची नारळ घातलेली उसळ), चण्याएवढा. तोंडातच तो पातळ होईपर्यंत चावा, मग गिळा आणि चमचा खाली ठेवा. पुढचा घास मिनिटभराने. आधी प्रथिनं, मग भाजी, सगळ्यात शेवटी भात, तोही उकड्या तांदळाचा, एक-दोन चमचे. उकड्याची शितं सुटी राहतात आणि चावल्याशिवाय गिळवत नाहीत, हा त्याचा फायदा. २० ते ३० मिनिटांत जेवढं झालं तेवढं जेवण, उरलं तर उरू दे. चटणी-मसाल्याने जळजळ होत असेल तर सध्या तिखट कमी करा, आणि जळजळ रोजची असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण स्लीव्हनंतर आम्लपित्त वाढू शकतं.

या जेवणात एका गोष्टीकडे बारीक लक्ष ठेवा. पोट भरल्याची खूण आता बदललीय. उचकी लागते, शिंक येते, अचानक नाक गळायला लागतं, छातीच्या मधोमध जड वाटतं. प्रत्येकाची खूण वेगळी असते, पण ती ओळखता येते. उलटवणारा घास बहुतेक वेळा त्या खुणेनंतरचा, ‘एवढा संपवते आणि उठते’ म्हणून घेतलेला असतो. अडकलंच तर पाण्याने ढकलू नका, उठून घरातल्या घरात सावकाश फिरा. जेवणानंतर अर्ध्या तासाने पाणी सुरू करा आणि दिवसभरात घोट घोट करत दीड ते दोन लिटरपर्यंत न्या. पाव अगदीच खावासा वाटला तर पोई (गव्हाच्या कोंड्याचा गोव्यातला पाव) चिरून तव्यावर कडक भाजा. कडक तुकडा चावला जातो, मऊ पाव बसतो.

चवथीपर्यंत मासळी-अंडी नाहीत, तर श्रावणातला दिवस साधारण असा बसवता येतो. सकाळी दीडशे मिली दुधात व्हे प्रोटीनचा एक चमचा, त्याच्या डब्यातलाच मोठा चमचा, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं. अकराच्या सुमारास ५० ग्रॅम पनीर, ९ ग्रॅम. दुपारी अर्धी वाटी घट्ट मुगागाठी किंवा मऊ शिजवून ठेचलेले अळसांदे (चवळीचा प्रकार) आणि ३-४ चमचे चक्का, मिळून ११ च्या आसपास. संध्याकाळी बिस्किटांऐवजी कपभर दूध, ५ ग्रॅम. रात्री पनीरचीच भुर्जी किंवा भिजवून बारीक केलेलं सोयाबीन, ११-१२ ग्रॅम. झोपण्याआधी पुन्हा थोडं दूध. साठी पार होते. पहिल्याच दिवशी जमणार नाही, दर दोन-तीन दिवसांनी एक बदल करा. जाता जाता सांगते, या दिवसांत अळमी (रानातली मशरूम) येतात आणि शाकाहारी प्रथिनं म्हणून लोक त्या हौसेने आणतात. चवीला त्या उत्तमच, पण त्यांत प्रथिनं फार थोडी असतात. हिशोबात धरू नका.

केसांबद्दल. शस्त्रक्रियेचा ताण आणि भराभर उतरणारं वजन यांमुळे पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात. मुळं शाबूत असतात, बहुतेकींचे केस वर्षाच्या आत भरून येतात. प्रथिनं, लोह किंवा झिंक कमी असेल तर गळती लांबते, म्हणून औषधाच्या दुकानातून बायोटिन आणण्याआधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. बायोटिनचा मोठा डोस आधीच चालू असेल तर रक्त देताना लॅबला सांगा, त्याने थायरॉईडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात.

काटा अडण्याचं फार मनावर घेऊ नका. वजन सरळ रेषेत कधीच उतरत नाही, मधे असे थांबे येतात. रोज काट्यावर उभं राहणं बंद करून आठवड्यातून एकदा वजन आणि कंबरेचं माप घ्या. स्नायू टिकवायला चालण्याबरोबरच जोर लावायचा व्यायामही लागतो. पावसात बाहेर पडता येत नसेल तर हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं आणि भिंतीला हात लावून जोर काढणं घरात करता येतं. अंधारी थांबल्यावर सुरू करा, आधी नको.

गोळ्या. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, डी-३, कॅल्शियम आणि बायकांना बहुधा लोह, या जन्मभराच्या आहेत. वजन उतरलं, बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. कॅल्शियम सायट्रेट प्रकारचं घ्या, कारण ते शोषायला जठरातलं आम्ल फारसं लागत नाही. दिवसाचे १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतात, पण एका वेळी ५०० ते ६०० च शोषलं जातं, म्हणून विभागून घ्यायचं. जेवणातून मिळणारं कॅल्शियम यातच धरतात, त्यामुळे किती गोळ्या ते डॉक्टरांना विचारून ठरवा. लोह आणि कॅल्शियममध्ये निदान २ तासांचं अंतर ठेवा आणि लोहाच्या गोळीच्या मागेपुढे चहा नको. तुम्ही तीन चहा लिहिलेत आणि गोळी सकाळच्या चहाबरोबर घेत असाल अशी मला शंका आहे. पाठ दुखली, दाढ दुखली म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर घेऊ नका, या गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालतं.

आता जे लिहिते ते घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा. सतत उलट्या होऊन दोन-तीन दिवस काही पोटात टिकलं नाही, की शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व वेगाने संपतं, त्याचा साठा मुळातच थोडा असतो. पायांना मुंग्या येणं किंवा बधिरपणा, चालताना तोल जाणं, एकाचं दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. तिथे पहिलं वाक्य हेच सांगायचं की वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालीय आणि उलट्या होताहेत. अशा वेळी ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी बी-१ चं इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवायला सांगते: ऑपरेशनचं नाव, तारीख, सर्जनचा नंबर, ‘ग्लुकोजआधी बी-१’, आणि टाळायच्या वेदनाशामकांची नावं. काळी शौच, किंवा तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली जोराची कळ आली तरी थांबू नका. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात.

राहिली चवथ. खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नातला सगळ्यात जड भाग मला हाच वाटला. सासूबाई म्हणतात, ‘चार शितं तरी घे गो’, आणि तुम्हाला रडू येतं. त्यांच्या लेखी सुनेचं रिकामं ताट म्हणजे त्यांची कमतरता. समजावून सांगण्यापेक्षा त्यांच्या हाती काम द्या, असं माझा अनुभव सांगतो. फोंड्याजवळच्या एका घरातली सून अशाच कारणाने माझ्याकडे यायची. पुढच्या खेपेला मी तिच्या सासूबाईंनाच बोलावून घेतलं. दही रात्रभर फडक्यात टांगून चक्का कसा करायचा, मुगागाठी पळीवाढी न ठेवता घट्ट कशी ठेवायची, हे त्यांना सांगण्याची गरजच नव्हती, त्यांना माझ्याहून चांगलं येत होतं. फक्त सुनेला आता कशाची गरज आहे एवढं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर घरात ती किती जेवली याची चर्चा थांबली आणि चक्का झाला का याची सुरू झाली. तुमच्या पुढच्या तपासणीला सासूबाईंना बरोबर नेता आलं तर न्या.

चवथीच्या आदल्या दिवशी हरतालिका. निर्जळी उपास या वर्षी करू नका, पुढेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पूजा करा, पाणी आणि दूध घेत राहा. चवथीच्या दिवशी नैवेद्याला उशीर होतो, म्हणून सकाळचं प्रोटीन आणि अकराचं पनीर चुकवू नका, नैवेद्याआधी घरच्यांना चालत नसेल तर स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी पहाटे घ्या. पंगतीत बसा. पान लहान मागा, वाढणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. खतखत्यातल्या (मिश्र भाज्यांच्या) मऊ फोडी आणि डाळ नीट चावून चालतील. नेवरी (करंजी) किंवा हळदीच्या पानात वाफवलेली गोड पातोळी रिकाम्या पोटी कधीच नको. गोड पटकन आतड्यात उतरलं की १० ते ३० मिनिटांत छातीत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब होऊ शकतात, आणि काहींना एक ते तीन तासांनी शुगर उतरून थरथर सुटते. जठराच्या बायपासनंतर (वजन उतरवण्याची दुसरी शस्त्रक्रिया) हे जास्त दिसतं, पण स्लीव्हनंतरही होतं. जेवण झाल्यावर पातोळीचा एक लहान तुकडा, हळदीच्या पानाचा वास घेत, सावकाश खा. तुम्हाला ती आवडते असं तुम्हीच लिहिलंय. ती सोडून द्या असं मी सांगणार नाही.

लोक विचारतील. ‘बारीक झालीस, आजारी होतीस काय?’ सगळ्यांना सगळं सांगायची तुमच्यावर सक्ती नाही. ‘पोटाचं ऑपरेशन झालंय, थोडंथोडं खाते’ हे वाक्य खरं आहे आणि बहुतेक ठिकाणी पुरतं. नवऱ्याला मात्र आधी सांगा की कुणी आग्रहाला पेटलं तर ते त्यांनी सांभाळायचं.

आणि हे जे तुम्ही ओशाळून लिहिलंय, की सगळे कौतुक करतात तरी आनंद होत नाही, जेवणाची आठवण येऊन डोळे भरतात, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. दिवसाचा शीण, राग, एकटेपणा यांवर जेवण हा तुमचा आधार होता. तो अचानक निघाला आणि त्याच्या जागी अजून दुसरं काही आलेलं नाही. ते यायला महिने लागतात. पण झोप नाही, कशातच मन नाही, जगण्याचा कंटाळा, असं दोन आठवड्यांहून जास्त राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणंच नको असे विचार आले तर दोन आठवडे मोजू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टर गाठा. नैराश्यावर उपचार आहेत आणि या शस्त्रक्रियेनंतर ते घेता येतात, डोस तेवढा डॉक्टर बघून ठरवतात.

दारूबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, तरी गोव्यात मी हे प्रत्येकाला सांगते. या शस्त्रक्रियांनंतर दारू लवकर आणि जास्त चढते. पूर्वीच्या दोन पेगांचा परिणाम एकाच पेगाने होऊ शकतो, आणि जेवणाचा आधार गेलेल्यांपैकी काही जण दुसऱ्या वर्षापासून पिण्याकडे वळतात. लग्नकार्यात फेणी-हुर्राकचा आग्रह झाला तरी निदान पहिलं वर्ष नको. गरोदरपणही १२ ते १८ महिने पुढे ढकला. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, म्हणून गर्भनिरोधनाचं स्त्रीरोगतज्ज्ञांशी आत्ताच बोलून घ्या.

वर्षभराने भूक परतते, हे आजच सांगून ठेवते. बहुतेकांचं वजन १२ ते १८ महिन्यांत सगळ्यात खाली येतं आणि नंतर थोडं वर चढतं. तेव्हा ऑपरेशन वाया गेलं असं वाटून घाबरू नका. चावून खाणं, आधी प्रथिनं, पाणी वेगळं, या सवयी भूक कमी आहे त्या महिन्यांत बसवणं सोपं असतं, म्हणून मी पेजेवरून उठा असं इतक्या आग्रहाने म्हणतेय.

चवथीआधी या तपासण्या करून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी-३, कॅल्शियम, अल्ब्युमिन, थायरॉईड, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, शुगर. उलट्या आठवड्यात कितीदा होतात, कशाने होतात आणि जेवायला किती मिनिटं लागतात, हे आठ दिवस वहीत लिहा आणि रिपोर्टबरोबर सर्जनना दाखवा. लोह गोळीने भागेल की शिरेतून द्यावं लागेल, हे ते फेरिटिन बघून ठरवतील. चावून, सावकाश खाऊनही भात सोडून इतर घन पदार्थ उलटत राहिले तर दुर्बिणीच्या तपासणीबद्दल तुम्हीच त्यांना विचारा.